विषण्ण प्रकृती आणि सार्वजनिक कर्तृत्व : अब्राहम लिंकनच्या जीवनाच्या अनुषंगाने एक अभ्यास

बीजसंज्ञा : विषण्ण प्रकृती, अब्राहम लिंकन, अमेरिकेतील यादवी युद्ध, चरित्रसाधने, गुलामगिरी

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कितीतरी शाळा-महाविद्यालयांच्या भिंतींवर एक पत्र चौकटीत लावलेले दिसते. अब्राहम लिंकनने आपल्या मुलाच्या मुख्याध्यापकांना ते लिहिले असे समजले जाते. वसंत बापट यांच्या प्रासादिक भावानुवादामुळे ते मराठी वाचकाला जवळजवळ पाठ झाले आहे आणि शिक्षकदिनाच्या कार्यक्रमांतून त्याचे वाचनही होते. पत्र सुंदर आहे, परंतु ते लिंकनचे नाही. रॉय बासलर यांनी संपादित केलेल्या व १९५३ पासून प्रसिद्ध झालेल्या लिंकनच्या समग्र लेखनात त्याचा मागमूस नाही, त्याचे कोणतेही हस्तलिखित उपलब्ध नाही आणि लिंकनचे अभ्यासक ते बनावट मानतात. इतिहासाच्या अध्यापकाने ही गोष्ट सांगितली की कार्यक्रमाचा थोडा रसभंग होतो, हा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

पत्राच्या खरेखोटेपणाइतकाच त्यातील एक उपदेश विचार करण्याजोगा आहे. दुःख आत दाबून हसत राहायला मुलाला शिकवा, असे हे पत्र सांगते. हा उपदेश ज्या माणसाच्या तोंडी घातला आहे, त्याने आपले दुःख फारसे कधी दाबले नाही. समकालीनांना लिंकनची उंची जशी पहिल्या भेटीत जाणवे, तशीच त्याची उदासी जाणवे. दुःखाविषयी त्याने एका तरुण मुलीला लिहिलेले एक अस्सल पत्र उपलब्ध आहे. त्याची तारीख २३ डिसेंबर १८६२ अशी आहे. त्यात हसण्याचा उपदेश नाही. त्या पत्राकडे निबंधाच्या अखेरीस यावयाचे आहे.

गंभीर, अबोल, स्वतःच्या उणिवा सतत तपासणारी आणि सहसा आशावादी नसलेली अशी माणसे प्रत्येक वर्गात व प्रत्येक अध्यापक-कक्षात असतात. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतून चार स्वभावप्रकारांची एक प्रश्नावली भरून घेण्याची पद्धत रूढ आहे. तीत 'मेलँकोलिक' ठरलेल्या विद्यार्थ्याच्या हाती बहुधा दोषांची यादी पडते, आणि गुण सांगितले तरी ते नीटनेटकेपणा व चिकाटी यांच्यापुढे जात नाहीत. या स्वभावाचे सामर्थ्य नेमके कशात असते आणि ते कोणत्या किमतीला मिळते, हा प्रश्न एका माणसाच्या चरित्राच्या आधारे तपासण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

संज्ञेची पूर्वपीठिका

'मेलँकली' हा शब्द काळा व पित्त या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनला आहे. रक्त, कफ, पिवळे पित्त व काळे पित्त हे चार देहद्रव आणि त्यांचा समतोल म्हणजे आरोग्य, ही मांडणी इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुमारास हिपोक्रॅटिसच्या परंपरेत झाली. पुढे गेलनच्या ग्रंथांमुळे आणि त्याच्या अनुयायांमुळे तिला दीड हजार वर्षांची मान्यता लाभली. अरबी वैद्यकाने ती जतन केली. दख्खनमधील युनानी हकीम काळ्या पित्ताला 'सौदा' म्हणत, ती याच विचाराची शाखा होय. आयुर्वेदातील त्रिदोषांशी तिचे वरवरचे साम्य दिसते, परंतु वात म्हणजे काळे पित्त नव्हे. दोहोंचे समीकरण मांडण्याचा मोह टाळलेला बरा.

या संपूर्ण इतिहासात एक छोटे प्रकरण विलक्षण आहे. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या, परंतु बहुधा त्याच्या संप्रदायातील एखाद्याने लिहिलेल्या 'प्रॉब्लेमाटा' या ग्रंथाच्या तिसाव्या भागाच्या आरंभी असा प्रश्न विचारला आहे की तत्त्वज्ञान, राजकारण, काव्य आणि कला यांत असामान्य ठरलेली सर्व माणसे विषण्ण प्रकृतीची का असतात? उदाहरणादाखल हेराक्लीज व एजॅक्स यांच्याबरोबर सॉक्रेटिस व प्लेटो यांचीही नावे घेतली आहेत. उत्तर देताना ग्रंथकार मद्याचा दृष्टान्त वापरतो. मद्य जसे प्रमाणानुसार एकाच माणसाला बोलका, धीट, हळवा किंवा उन्मत्त करते, तसेच काळे पित्त करते, फरक इतकाच की मद्याचा अंमल तात्पुरता असतो व प्रकृती जन्मभर राहते. हे द्रव्य फार थंड झाले तर माणूस खचतो, फार तापले तर भडकतो, मध्यम उष्णतेत राहिले तर तो इतरांहून सरस ठरतो. शरीरशास्त्र म्हणून यात काहीही टिकलेले नाही. परंतु रोग आणि सामर्थ्य यांचा उगम एकच असू शकतो आणि फरक प्रमाणाचा असतो, हा विचार मात्र येथे प्रथम स्पष्टपणे मांडला गेला.

प्रबोधनकाळात फिचिनोने (१४८९) हाच धागा उचलून विद्वानांची विषण्णता ही देणगी मानली. ड्यूररने १५१४ मध्ये तिचे प्रसिद्ध चित्र कोरले, तर रॉबर्ट बर्टनने १६२१ मध्ये तिच्यावर प्रचंड ग्रंथ लिहिला. कांटने १७६४ मध्ये असे प्रतिपादन केले की तत्त्वावर आधारलेला सद्गुण विषण्ण प्रकृतीच्या माणसाशी अधिक जुळतो, कारण तो इतरांच्या मतावर विसंबत नाही. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत, म्हणजे लिंकनच्या काळात, हे दोन्ही अर्थ एकाच वेळी प्रचलित होते. विषण्णता ही वैद्याकडे नेण्याची बाब होती आणि खोल मनाचे लक्षणही होती. आजच्या 'नैराश्य' या निदानवाचक शब्दाने त्यातील पहिला अर्थ घेतला व दुसरा सोडून दिला.

साधने आणि त्यांच्या मर्यादा

लिंकनच्या अंतरंगाविषयीची आपली बरीचशी माहिती त्याचा वकिलीतील भागीदार विल्यम हर्नडन याच्यामुळे टिकली. १८६५ मध्ये लिंकनची हत्या झाल्यानंतर हर्नडनने त्याला ओळखणाऱ्या असंख्य माणसांना पत्रे लिहिली, प्रत्यक्ष भेटी घेतल्या व आठवणी टिपून ठेवल्या. हे साहित्य बहुमोल आहे, परंतु ते तीस-तीस वर्षांनंतरचे, आणि एका हुतात्म्याविषयीचे आहे. ॲन रटलेज या तरुणीच्या १८३५ मधील मृत्यूने लिंकन वेडापिसा झाला, ही कथा हर्नडनने १८६६ च्या एका व्याख्यानातून पुढे आणली. १९४५ मध्ये जे. जी. रँडल या इतिहासकाराने ती पुराव्याअभावी जवळजवळ मोडीत काढली. पुढे डग्लस विल्सन प्रभृतींनी मूळ साक्षी पुन्हा तपासल्या. त्या साक्षी १९९८ मध्ये एकत्रित ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्यावर पारडे बरेचसे उलट झुकले. प्रेमसंबंधाचे स्वरूप वादग्रस्त राहिले तरी त्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांना लिंकनच्या जिवाची काळजी वाटली होती, ही बाब अनेक साक्षींतून येते आणि ती नाकारणे कठीण आहे.

जोशुआ वुल्फ शेंक यांच्या २००५ मधील ग्रंथाने लिंकनची विषण्णता हाच त्याच्या कर्तृत्वाचा मूलस्रोत मानला. प्रस्तुत लेखक या ग्रंथाचा ऋणी आहे, परंतु त्यातील आधुनिक निदानाची भाषा त्याला पटत नाही. मृत माणसाला रुग्णालयात दाखल करता येत नाही. म्हणून या निबंधात शक्यतो लिंकनच्या स्वतःच्या पत्रांवर व टिपणांवर भर दिला आहे आणि आठवणींचा उपयोग केला तेथे तसे नमूद केले आहे.

घटना थोडक्यात अशा. लिंकनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकीत झाला. तो नऊ वर्षांचा असताना, ऑक्टोबर १८१८ मध्ये, इंडियानाच्या जंगलवस्तीत त्याची आई दुधातून होणाऱ्या विषबाधेने वारली. विषारी वनस्पती खाल्लेल्या गायींच्या दुधामुळे हा रोग होई. बहीण सेरा १८२८ मध्ये बाळंतपणात गेली. वसाहतीच्या सीमेवरील कुटुंबांत असे मृत्यू विरळ नव्हते आणि त्या सर्व घरांतून लिंकन निपजले नाहीत. म्हणूनच केवळ दुःखांची गणती करून स्वभावाचा उलगडा होत नाही.

१८४१ चा हिवाळा

जानेवारी १८४१ मध्ये लिंकन पूर्णपणे कोसळला. मेरी टॉडशी ठरलेला विवाह त्याच सुमारास मोडला होता. जिवलग मित्र जोशुआ स्पीड स्प्रिंगफील्ड सोडून केंटकीला परतण्याच्या तयारीत होता. इलिनॉय राज्याने १८३७ मध्ये हाती घेतलेली रस्ते, कालवे व लोहमार्ग यांची महत्त्वाकांक्षी योजना कोसळून राज्य कर्जात बुडाले होते, आणि लिंकन हा त्या योजनेच्या प्रमुख पुरस्कर्त्यांपैकी होता. विवाहाची गोष्ट चरित्रकारांना प्रिय असल्याने हे तिसरे कारण मागे पडते. आपल्या निर्णयामुळे सार्वजनिक नुकसान झाल्याची जाणीव गंभीर स्वभावाच्या माणसाला किती पोखरते, हे लक्षात घेतले पाहिजे.

या दिवसांत तो विधानसभेत काही दिवस फिरकलाच नाही. २० जानेवारीला आपला भागीदार जॉन स्टुअर्ट याला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या वर्तनाबद्दल शरम व्यक्त केली, आणि आपल्या जिवासाठी डॉक्टर ॲन्सन हेन्री गावात राहणे आवश्यक असल्याने त्यांना टपालखात्याची जागा मिळावी, अशी विनंती केली. तीन दिवसांनी लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याने स्वतःला जिवंत माणसांतील सर्वांत दुःखी म्हटले आणि आपली व्यथा अखिल मानवजातीत वाटली तर एकही चेहरा प्रसन्न राहणार नाही, असा आशय मांडला. येथे एक बारकावा नजरेआड होऊ नये. इतक्या अवस्थेतही पहिल्या पत्रात एक निश्चित मागणी आहे, तिचे कारण आहे आणि ती कोणामार्फत पुरी होईल याचे भान आहे. दुःखात बुडालेला हा माणूस आपले दुःख एखाद्या वकिलाप्रमाणे मांडत होता.

स्पीडने १८६६ मध्ये हर्नडनला कळविलेली आठवण प्रसिद्ध आहे. त्या काळात स्पीडला लिंकनच्या खोलीतून वस्तरे व सुऱ्या काढून ठेवाव्या लागल्या. मरायला आपली हरकत नाही, परंतु आपण जगलो होतो हे कोणाच्या स्मरणात राहावे असे काहीच हातून घडलेले नाही, असे लिंकन त्याला म्हणाला. गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा निघाल्यानंतर लिंकनने त्या संभाषणाची त्याला आठवण करून दिली, असेही स्पीड सांगतो. आठवण पंचवीस वर्षांनंतरची आहे, हे विसरता येत नाही. तथापि लिंकनच्या उदासीच्या तळाशी एक अपूर्ण कार्य होते, हा तिचा गाभा त्याच्या इतर लेखनाशी सुसंगत आहे.

पुढल्याच वर्षी पारडे फिरले. स्पीडचा विवाह ठरला आणि तोही शंकाकुशंकांनी व्याकूळ झाला. जानेवारी १८४२ च्या आरंभी लिंकनने त्याला एक पत्र लिहून हाती दिले. तोंडी सांगितलेले गरज पडेल तेव्हा आठवणार नाही, म्हणून लिहून देतो, असे त्याचे म्हणणे होते. पत्रात त्याने मित्राच्या भावी उदासीची कारणे पद्धतशीर सांगितली. मज्जातंतूंचा मूळचा दुबळेपणा हे सामान्य कारण, तर प्रवासातील वाईट हवा, कामाचा व मित्रांच्या सहवासाचा अभाव आणि जवळ येणारा निर्णायक क्षण ही तीन विशेष कारणे. ती आली की मनाने दिलेला कौल खरा मानू नये, असा त्याचा सल्ला होता. बारा महिन्यांपूर्वी ज्याच्या खोलीतून वस्तरे काढून ठेवावे लागले होते त्याने हे लिहिले, हे ध्यानात घेतले म्हणजे या पत्राचे मोल कळते. स्वतःच्या मनाचे इतके थंड डोक्याने केलेले निरीक्षण आनंदी स्वभावाच्या माणसाला करावेच लागत नाही. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत दारूबंदी चळवळीपुढे केलेल्या भाषणात व्यसनी माणसाचा धिक्कार करून तो सुधारत नाही, त्याला आपल्यातलाच एक मानावे लागते, हा मुद्दा लिंकनने मांडला. तो याच अनुभवातून आला असावा, असा प्रस्तुत लेखकाचा तर्क आहे.

एकाच दृश्याची दोन वर्णने

विषण्ण माणूस कोणाच्याही वेदनेने आपोआप हेलावतो, असे मानण्याचे कारण नाही. लिंकनच्याच पत्रव्यवहारातील एक उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. १८४१ च्या उन्हाळ्यात तो लुइव्हिलजवळ स्पीड कुटुंबाच्या मळ्यावर काही आठवडे राहिला. परतताना आगबोटीवर त्याने बारा गुलाम पाहिले. एका लांब साखळीला ठराविक अंतराने अडकवून त्यांना दक्षिणेकडे विक्रीसाठी नेले जात होते. २७ सप्टेंबरला स्पीडच्या बहिणीला लिहिलेल्या पत्रात त्याने या दृश्याचे तपशीलवार वर्णन केले. पण त्यातून निष्कर्ष काय काढला, तर इतक्या वाईट स्थितीतही ती माणसे आनंदी दिसत होती आणि परिस्थितीचा सुखाशी संबंध किती थोडा, याचे हे उदाहरण होय! स्वतःच्या दुःखाच्या चिंतनात गुंतलेल्या माणसाला समोरचे दुःख असे निसटून जाते. शिवाय ज्या घराचा पाहुणचार त्याने घेतला, तेही गुलामांच्याच श्रमांवर चालले होते.

चौदा वर्षांनी, २४ ऑगस्ट १८५५ रोजी, त्याने खुद्द स्पीडला लिहिले. स्पीड गुलामांचा मालक होता आणि मतभेद उघड झाले होते. लिंकनने त्याच प्रवासाची आठवण काढली आणि ते दृश्य आपल्याला सतत छळत आले आहे, असे सांगितले. दृश्य तेच, साक्षीदार तोच, परंतु अर्थ पूर्णपणे पालटलेला. या बदलामागे १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा आणि त्याने उघडलेली नवी राजकीय आघाडी होती, हे खरे. तथापि एखादी प्रतिमा चौदा वर्षे मनात ठेवणे, तिच्याकडे पुन्हापुन्हा परतणे आणि अखेर आपलेच जुने आकलन रद्द करणे, ही या स्वभावाची खरी ताकद होय. आनंदी माणसे विसरतात म्हणून सुखी असतात. विषण्ण माणूस विसरत नाही, आणि कधीकधी त्याचे हे न विसरणेच त्याला योग्य जागी नेऊन पोहोचवते.

१६ ऑक्टोबर १८५४ च्या पिओरिया येथील भाषणात हेच दिसते. गुलामगिरीचा विस्तार हा अन्याय आहे, याविषयी लिंकनला शंका नव्हती. मात्र दक्षिणेतील लोक त्यांच्या जागी आपण असतो तर जसे असतो तसेच आहेत, आणि सर्व सत्ता हाती आली तरी प्रचलित संस्थेचे नेमके काय करावे हे आपल्याला ठाऊक नाही, अशी कबुली त्याने भर सभेत दिली. राजकारणात अशी कबुली सहसा कोणी देत नाही. तिला मर्यादाही होती. काळ्या माणसांना पूर्ण सामाजिक व राजकीय समता देण्यास तो त्या वेळी तयार नव्हता, आणि हेही त्याच भाषणात आहे.

याच वर्षांतील त्याची खासगी टिपणे उदास आहेत. १८५६ च्या सुमाराच्या एका टिपणात स्टीफन डग्लसशी तुलना करून त्याने आपली महत्त्वाकांक्षा अपयशी ठरल्याचे नोंदवले. १८५८ च्या एका टिपणात ब्रिटनमधील गुलामव्यापाराविरुद्धच्या दीर्घ लढ्याचा उल्लेख आहे. त्यात विल्बरफोर्स व ग्रॅनव्हिल शार्प यांची नावे सर्वांना माहीत आहेत, पण त्यांना अडवणाऱ्यांची नावे कोणालाच नाहीत, असे म्हणून आपल्या हयातीत यश दिसेलच असे नाही, हे त्याने स्वीकारले आहे. त्या वर्षी तो सिनेटची निवडणूक हरला. आशेवर चालणारा कार्यकर्ता अशा पराभवानंतर थकतो. ज्याने आरंभीच यशाची खात्री धरली नव्हती, त्याला थांबण्याचे कारण उरत नाही.

युद्धकाळातील आचरण

यादवी युद्धातील मृतांची संख्या दीर्घकाळ ६,२०,००० मानली जात होती. जे. डेव्हिड हॅकर यांनी २०११ मध्ये जनगणनेच्या आधारे ती सुमारे ७,५०,००० असावी असे दाखविले, आणि नंतरच्या संशोधनाने या दोहोंच्या मधला आकडा सुचविला आहे. अशा काळात राष्ट्राध्यक्षाच्या स्वभावाला महत्त्व येते.

लिंकनच्या दोन कृती येथे पुरेशा आहेत. गेटिसबर्गच्या विजयानंतर जनरल मीडने माघार घेणाऱ्या शत्रुसेनेला निसटू दिले, तेव्हा १४ जुलै १८६३ रोजी लिंकनने त्याला आपली अपार व्यथा कळविणारे कठोर पत्र लिहिले. ते त्याने पाठविले नाही. कागदावर राग उतरवून तो बाजूला ठेवण्याची ही सवय दीर्घ आत्मनिरीक्षणातून आलेली होती. दुसरी कृती २३ ऑगस्ट १८६४ ची. युद्ध रेंगाळले होते आणि निवडणुकीत पराभव दिसत होता. लिंकनने एका कागदावर लिहिले की हे शासन पुन्हा निवडून येण्याची शक्यता फार कमी आहे, आणि तसे झाल्यास नव्या अध्यक्षाने सूत्रे हाती घेण्यापूर्वी त्याच्याशी सहकार्य करून संघराज्य वाचविणे हे आपले कर्तव्य राहील. कागद घडी घालून त्याने मंत्रिमंडळाच्या सदस्यांच्या सह्या मजकूर न दाखवता घेतल्या. २ सप्टेंबरला अटलांटा पडले, वारे फिरले, नोव्हेंबरमध्ये लिंकन विजयी झाला आणि मग त्याने तो कागद सहकाऱ्यांना वाचून दाखविला. अंदाज साफ चुकला होता! तरीही वाईटात वाईट गृहीत धरून त्या स्थितीतील आपले कर्तव्य आधीच लिहून ठेवणे हे निराशेचे लक्षण म्हणता येत नाही. निराश माणूस पुढची तजवीज करीत नाही.

खिन्न माणसे वस्तुस्थितीचा अंदाज अधिक अचूक करतात, असा एक मानसशास्त्रीय सिद्धान्त ॲलॉय व अब्रॅमसन यांनी १९७९ मध्ये मांडला होता. लिंकनच्या संदर्भात त्याचा पुष्कळ उपयोग केला गेला. २०२२ मध्ये हा प्रयोग नव्याने करून पाहिला गेला, तेव्हा तो निष्कर्ष टिकला नाही. ऑगस्ट १८६४ चा हा कागद पाहता त्याचे आश्चर्य वाटू नये. लिंकनचे सामर्थ्य अचूक भाकितात नव्हते.

विनोद हा त्याच्या स्वभावाचाच भाग होता. २२ सप्टेंबर १८६२ रोजी मुक्तीच्या प्राथमिक जाहीरनाम्याचा मसुदा मांडण्यापूर्वी त्याने मंत्रिमंडळाला आर्टेमस वॉर्ड या विनोदी लेखकाचे एक प्रकरण वाचून दाखविले, याची नोंद अर्थमंत्री चेस यांच्या दैनंदिनीत आहे. हे दुःख दडपण्यासाठीचे हसणे नव्हते, कारण पुढच्याच क्षणी तो तितक्याच गांभीर्याने मसुद्याकडे वळला. (जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या दास्यविमोचनासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला, त्यामागे हाच इतिहास होता.) साधारणतः याच काळातील मानल्या जाणाऱ्या एका खासगी टिपणात लिंकन म्हणतो की दोन्ही पक्ष ईश्वर आपल्या बाजूस असल्याचे सांगतात. निदान एकाचे चुकत असले पाहिजे, आणि कदाचित ईश्वराचा हेतू दोघांहूनही वेगळा असेल. ४ मार्च १८६५ च्या दुसऱ्या शपथविधीच्या भाषणात, विजय दृष्टिपथात आला असताना, हेच चिंतन प्रकट झाले आणि गुलामगिरीच्या पापात त्याने उत्तरेलाही भागीदार ठरविले. हे भाषण लोकांना लगेच आवडणार नाही, असे त्याने थर्लो वीडला पत्रातून कळविलेही. विजयाच्या दिवशी स्वपक्षाला दोषी ठरविणे हे उत्साही स्वभावाला जमणारे काम नव्हे.

डिसेंबर १८६२

आता आरंभी उल्लेखिलेल्या पत्राकडे वळू. डिसेंबर १८६२ हा लिंकनच्या कारकिर्दीतील सर्वांत काळा महिना म्हणता येईल. १३ तारखेला फ्रेडरिक्सबर्ग येथे उत्तरेच्या सैन्याचा भीषण पराभव झाला. मिनेसोटातील डकोटा जमातीच्या उठावानंतर लष्करी आयोगाने अत्यंत घाईने खटले चालवून ३०३ जणांना देहदंड सुनावला होता. लिंकनने सर्व कागदपत्रे मागवून घेतली, नागरिकांच्या कत्तलीतील सहभाग आणि लढाईतील सहभाग यांत भेद केला व ३९ जणांची शिक्षा कायम केली. त्यातील एकाला नंतर वगळण्यात आले आणि २६ डिसेंबरला ३८ जणांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. अमेरिकेच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी सामूहिक फाशी होय. अडीचशेहून अधिक माणसे त्याच्या सावध वाचनामुळे वाचली. त्याचबरोबर, त्या सदोष खटल्यांच्या आधारावर अडतीस माणसे त्याच्या सहीने मेली. दोन्ही विधाने शेजारी ठेवूनच वाचावी लागतात, आणि विषण्ण प्रकृतीच्या गौरवाला येथे लगाम बसतो.

त्याच महिन्यात, ५ डिसेंबरला, मिसिसिपी राज्यात कॉफीव्हिलजवळ लेफ्टनंट कर्नल विल्यम मॅक्कलो मारले गेले. ब्लूमिंग्टन येथील न्यायालयात ते कारकून होते आणि लिंकन वकिलीसाठी फिरतीवर असताना त्यांचा परिचय झाला होता. त्यांची तरुण मुलगी फॅनी हिने अन्नपाणी टाकून स्वतःला खोलीत कोंडून घेतल्याचे न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस यांच्याकडून लिंकनला समजले. २३ तारखेला त्याने तिला पत्र लिहिले.

पत्र छोटे आहे. त्यात तिच्या वडिलांच्या पराक्रमाचे पोवाडे नाहीत, राष्ट्रासाठी दिलेल्या बलिदानाची भाषा नाही आणि स्वर्गातील भेटीचे आश्वासनही नाही. दुःख सर्वांनाच येते, परंतु तरुणांना ते अधिक कडवट वाटते, कारण ते त्यांना अनपेक्षित असते, असे तो म्हणतो. पूर्ण दिलासा आज शक्य नाही, तो काळच देईल, हे तो लपवत नाही. आपण पुन्हा कधी सुखी होऊ हे तुला आता खरे वाटणार नाही, पण ते खरे आहे, आणि ते जाणण्याइतका अनुभव आपल्या गाठी आहे, असे तो तिला सांगतो. पुढे वडिलांची आठवण यातना देण्याऐवजी हळवी व पवित्र होईल, असेही तो लिहितो. १८४१ मध्ये आपण कधी बरे होऊ की नाही हे सांगता येत नाही, असे स्टुअर्टला कळविणाऱ्या माणसाचे हे उत्तर आहे. त्याला ते मिळायला एकवीस वर्षे लागली होती.

पत्र लिहिले त्या वेळी लिंकनच्या अकरा वर्षांच्या विली या मुलाच्या मृत्यूला दहा महिने झाले होते. पत्रात त्याचा उल्लेख नाही.